शॉर्ट फिल्म करायचीय? आधी गावच्या वायरमनला विचारा

ग्रुपनं फिल्म करायची ठरलं की पहिल्या बैठकीत सगळे गोष्टीवरच तुटून पडतात. चहा होतो, जेवढी माणसं तेवढ्या गोष्टी निघतात, आणि बैठक उठते तेव्हा उद्या कुणी काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. पहिल्या बैठकीत एकच काम करा. एक कागद घ्या आणि कुठल्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा, ते लिहून काढा. कलाकारांशी कोण बोलणार? फ्रेम कोण ठरवणार? आवाजासाठी टेक थांबवायचा हक्क कुणाला? पैसे कुणाकडं, घड्याळ कुणाकडं? मत सगळ्यांनी द्यावं, पण प्रत्येक प्रश्नापुढं नाव एकच असावं. दोस्तीत हे लिहायला अवघड वाटतं. पण मी पाहिलेले ग्रुप कॅमेऱ्यावरून किंवा पैशावरून क्वचितच फुटले. "तुला कुणी विचारलं होतं?" या एका वाक्यावरून मात्र फुटले.

मी अंबाजोगाईची. कॉलेजात असताना आम्ही मिळून अकरा मिनिटांची फिल्म केली, त्यात आवाज माझ्याकडं होता. आता लातूर, परळी, बीडकडची पोरं-पोरी फिल्म करायला निघाली की मी त्यांच्याबरोबर हेडफोन घेऊन जाते. खाली लिहितेय ते त्याच अनुभवातून. उदाहरणं बहुतेक आमच्या पहिल्या फिल्मची देते, कारण तिची गोष्ट आपल्या भागातल्या कुणालाही लगेच कळेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातनं ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात. मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरलेला असतो, आणि म्हातारी माणसं नि शाळेतली लेकरं बऱ्याचदा मागं राहतात. आमची गोष्ट निघायच्या आदल्या संध्याकाळची. आई, आजी, नात, एक अंगण आणि पहाटे येणारा ट्रॅक्टर.

गोष्ट निवडताना आधी पाहा, ती तुमच्या पायाच्या टप्प्यात आहे का. कोर्ट, हॉस्पिटल, पोलीस ठाणं यांचे सीन लिहू नका, जागा मिळवण्यातच सुट्टी संपेल. लातूर-धाराशिवकडच्या बऱ्याच ग्रुपना 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपावर काहीतरी करायचं असतं. ती इच्छा मला फार मोलाची वाटते. पण ढासळलेली घरं तुम्हाला उभी करता येणार नाहीत. पुनर्वसनाच्या गावात राहणारी आणि त्या पहाटेबद्दल चकार शब्द न काढणारी एक आजी मात्र दाखवता येईल, आणि ते जास्त भिडेल. तसंच 2016 च्या दुष्काळाचं. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ती गाडी तुम्हाला कुठून मिळणार? पण "आपल्या गल्लीत पाणी कोणत्या वारी येतंय?" असं विचारणारं घर लातुरात शोधावं लागत नाही.

लांबीही आवरा. ऑस्करच्या नियमात चाळीस मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट फिल्म धरतात, म्हणून आपण तीस मिनिटांची करायची असं काही नाही. दहा-बारा मिनिटं भरपूर झाली. पानाला एक मिनिट हा हिशेब ठरावीक पद्धतीनं टाईप केलेल्या पटकथेचा आहे, वहीत हातानं लिहिलेल्या मराठीला तो लागू पडत नाही. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, पटकथा मोठ्यानं वाचा, आणि नुसत्या हालचालीच्या जागी तेवढा वेळ खरोखर गप्प बसा. खरी लांबी तेव्हा कळते.

वाचनाला ग्रुपबाहेरचं एक तरी माणूस बसवा, शक्यतो ज्या घरात शूटिंग आहे तिथलंच. आमच्या पहिल्या मसुद्यात नात विचारत होती, "आई, तू परत कधी येणार आहेस?" गावातली एक मावशी ज्वारी निवडत ऐकत होती. हात न थांबवता म्हणाली, "आवं, लेकरू आसं पुसतंय व्हय? त्ये म्हणंल, माय, कवा येतीस?" वाक्य जागेवर बदललं. पुढं तीच मावशी आमची आजी झाली. गावातल्या माणसांना संवाद पाठ करायला लावू नका. या क्षणी तुम्हाला काय हवंय आणि ते समोरच्याला कसं सांगाल, एवढंच समजावा. शब्द त्यांचे येऊ द्या. आणि हे समजावणारा एकच असू द्या. दिग्दर्शक एक सांगतोय, कॅमेरावाला "मावशी, जरा इकडं बघा" म्हणतोय, मागून तिसरा "हळू बोला" ओरडतोय, अशात ती बाई आक्रसून जाते. एकदा आक्रसली की दुपारपर्यंत मोकळी होत नाही. कुणाला काही सांगायचं असेल त्यानं दिग्दर्शकाच्या कानात सांगावं.

आता तारखांचं. परगावच्या माणसाला सहज न दिसणारी अडचण इथं असते. बिऱ्हाडं निघायचा काळ म्हणजेच सोयाबीनच्या सुगीचा काळ. गावात हात रिकामा नसतो, मळणी यंत्र गल्लीच्या तोंडाशी धडधडत असतं, आणि परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात काकडा चालतो, तोही भोंग्यावर. खरा भरलेला ट्रॅक्टर हवा असेल तर हे सगळं धरूनच तारखा काढाव्या लागतात. ट्रॅक्टर निघतानाचे शॉट आम्ही खऱ्या दिवशी, फक्त लांबून, एका कुटुंबाची आधी परवानगी घेऊन टिपले. संवादाचे सीन सुगी उरकल्यावर केले. ज्यांचं घर मोडून निघालंय त्यांच्यापुढं "परत एकदा चढा" म्हणत उभं राहणं मला आजही पटत नाही.

उजेडाचं गणितही कागदावर आणा. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य सहाच्या आतच मावळतो, मे महिन्यात पावणेसातच्या पुढं जातो. संध्याकाळचा सीन हिवाळ्यात धरला तर कामाचा मऊ उजेड जेमतेम अर्धा-पाऊण तास टिकतो. त्या वेळात काय घ्यायचं ते शॉटनिशी ठरलेलं असावं, चर्चा दुपारीच संपलेली असावी. नवख्या ग्रुपनं दिवसाला पंधरा-वीस शॉटच्या पुढं जाऊ नये असं माझं मत आहे.

परवानगीबद्दल थोडक्यात. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या, पोच घ्या. लेकरं असतील तर आई-वडिलांची लेखी संमती आधी. एसटी स्टँडसाठी आगार व्यवस्थापकांना विचारा. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा ही ठिकाणं केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाखाली येतात, तिथं फिल्म करायची तर लेखी परवानगी काढावी लागते आणि तिला वेळ लागतो. नुसतं मागं किल्ला दिसावा म्हणून एवढा खटाटोप करू नका.

आता आवाज. इथं मी जरा थांबणार आहे, कारण विद्यार्थ्यांची फिल्म बहुतेक वेळा इथंच मार खाते. चित्र थोडं हललं, उजेड कमी पडला, तर माणूस चालवून घेतो. शब्द ऐकू आला नाही की मोबाईल बाजूला ठेवतो.

आमच्या शूटिंगच्या घरामागं, दोन शेतं ओलांडून, एक विहीर होती. दुपारी रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, गेलो तेव्हा गाव चिडीचूप. मी हेडफोन लावून अंगणात बसले होते. सव्वातीनच्या आसपास कानात बारीक "घूं" सुरू झाली. नुसत्या कानाला ती जाणवतसुद्धा नव्हती, दिग्दर्शिका म्हणाली, "मला तर काहीच येईना ऐकू." शेताच्या लाईनला थ्री फेज, म्हणजे मोटर चालवणारी वीज, आली होती, विहिरीवरची मोटर चालू झाली होती. आपले कान असल्या आवाजाला लगेच सरावतात. माईक सरावत नाही. एडिटला बसल्यावर आजीच्या वाक्याखाली घूं, नातीच्या वाक्याखाली शांतता, परत घूं, असं प्रत्येक कटवर टोचत राहतं.

त्याच संध्याकाळी आम्ही गावच्या वायरमनला गाठलं. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेताच्या वेगळ्या लाईनला, थ्री फेज साधारण आठ तास आणि पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्यानं त्या आठवड्याचं टाईमटेबल तोंडपाठ सांगितलं. मी ते वहीत उतरवलं आणि शूटिंगचं वेळापत्रक त्यावरून बेतलं. शेताची लाईट बंद असेल तेव्हा संवाद. लाईट आली की भाकरी थापणं, गाठोडं बांधणं, वेणी घालणं, असे बिनबोलाचे शॉट. तेव्हापासून कुठल्याही गावात शूटिंग असो, माझा पहिला फोन वायरमनला जातो. काही गावांत आता सोलर फीडरमुळं शेतीला दिवसाच लाईट असते. तिथं संवाद पहाटे किंवा अंधार पडल्यावरच घ्यावे लागतात, आणि मग गोष्टीतली वेळही तशीच लिहावी लागते. लिहिणाऱ्यानं ऐकून घ्यावं.

रेकी शूटिंगच्याच वेळेला करा. सकाळी सातचा सीन असेल तर सकाळी सातलाच जा. दहा मिनिटं डोळे मिटून बसा आणि ऐकू येईल ते लिहा: दूध संकलनाची गाडी, शाळेची प्रार्थना, शेजारचा फ्रीज, लग्नसराईत डीजे. फ्रीज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहत नाही. ज्या घरानं आपल्याला जागा दिली त्यांचं दूध नासवून जायचं नसतं.

काकड्याचं आम्ही असं केलं. पहाटेच्या सीनला तो हवाच होता, पण बोलताना मागं गाणं वाजत असेल तर प्रत्येक कटला ते तुटतं. म्हणून काकडा सलग वेगळा रेकॉर्ड केला, संवाद देऊळ शांत झाल्यावर घेतले, आणि एडिटमध्ये काकडा खाली अंथरला.

साहित्य फार लागत नाही. कॉलरला लावायचा वायरवाला माईक आणि एक जास्तीचा मोबाईल, एवढ्यावर उत्तम काम होतं. तो मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झवर ठेवा, आणि सगळ्यात मोठ्या वाक्यालाही लेव्हल उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. माईक पदराच्या आत, कापडी चिकटपट्टीनं, वायरला एक छोटा वळसा देऊन लावा. साडी सुती असेल तर सोन्याहून पिवळं. सिंथेटिक साडी नुसत्या श्वासालाही खसखसते, म्हणून कपडे ठरवताना आवाजवाल्याला बोलवा. माईक लावायला बाईंसाठी ग्रुपमधली मुलगीच असावी. काचेच्या बांगड्या प्रत्येक हालचालीला वाजतात. आजीच्या हातातल्या बांगड्या काढायला सांगणं मला बरोबर वाटलं नाही, मग दोन-दोन बांगड्या आतून दोऱ्यानं बांधून टाकल्या. कॅमेऱ्यात दोरा दिसत नाही.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला सीन आणि टेकचा नंबर बोला आणि कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. वेगळा आवाज चित्राला जुळवायला ती टाळीच कामी येते. आणि जागा सोडण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांनी श्वाससुद्धा जपून घेत उभं राहायचं आणि नुसती ती जागा रेकॉर्ड करायची. दोन वाक्यांमधली भोकं याच शांततेनं बुजवतात. सगळे दमलेले असतात, गाडी चालू करायची घाई असते, तेव्हाच हे करून घ्यायचा हक्क आवाजवाल्याला त्या पहिल्या कागदावर दिलेला असावा.

कॅमेऱ्याचं मी कमी लिहिते, त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मोबाईलवर करत असाल तर हातानं सेटिंग करू देणारं ॲप घ्या. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. 1/50 मध्ये तिच्या पूर्ण दोन फेऱ्या मावतात, म्हणून चित्रात पट्टे फिरत नाहीत. दुपारच्या उन्हात मात्र 1/50 ला चित्र पांढरंफटक पडतं. तेव्हा लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावा, नाहीतर सावलीत शूट करा. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाईट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा, नाहीतर ढग आला की आजीचा चेहरा टेकच्या मधेच रंग बदलतो. बऱ्याच मोबाईलमध्ये फ्रेमचा वेग आपोआप थोडा कमी-जास्त होत राहतो आणि लांब टेकमध्ये आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. एडिटआधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून क्लिप ठरलेल्या वेगाच्या करून घ्या.

दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेघ ओढलीय असं धरा आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. बाजू बदलली की दोघी एकमेकींकडं न बघता एकाच दिशेला बघतायत असं दिसतं. चौकटीच्या अंगणात, खांबांच्या मधे, हे फार पटकन चुकतं. जमिनीवर खडूनं खरंच रेघ मारा.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळावं म्हणून, एकाच्या हातात वेगळा मोबाईल द्या. प्रत्येक कट झाला की फोटो: पदर कुठल्या खांद्यावर, डोक्यावर होता की नाही, टिकली, परातीत पीठ किती उरलं, चुलीतला जाळ केवढा. चुलीचा सीन असेल तर एका आकाराची लाकडं आधीच फोडून ठेवा आणि भाकरीचं पीठ दुपटीनं मळा. जेवणाचा मालकही एकच हवा. आमच्याकडं सकाळी सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, आणि दुपारी धपाटे-दही ठरलेलं असायचं. दीड वाजता म्हणजे दीड वाजता. उपाशी ग्रुपनं दोन ते तीनच्या मधे घेतलेला एकही शॉट एडिटमध्ये टिकलेला मी पाहिला नाही.

रात्री झोपायच्या आधी डेटा. कार्डावरचं सगळं दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करायचं, दोन्हीकडं फाइल उघडून, शेवटपर्यंत ओढून बघायची, आणि मगच कार्ड रिकामं करायचं. जुन्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल चढत नसेल तर तो फॅट32 मध्ये आहे, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं हे ध्यानात ठेवा. दोन्ही कॉप्या एकाच बॅगेत, एकाच मोटरसायकलवर पाठवू नका.

एडिट दिग्दर्शकानं करू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्या शॉटसाठी तो पहाटे चारला उठला तो शॉट त्याला काढवत नाही. एडिटरला ती पहाट माहीत नसते, त्याला फक्त शॉट दिसतो. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. लॅपटॉप दमत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या कॉप्या, बनवून काम करा. पहिला कट झाला की ग्रुपमध्ये दाखवायच्या आधी ग्रुपबाहेरच्या दोघा-तिघांना दाखवा, आणि "आवडली का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "गोष्ट काय होती, सांग," म्हणा. जिथं ते अडखळतात तिथं कात्री किंवा सुई चालवायची.

संगीत. इंटरनेटवरून उचललेलं गाणं टाकाल तर महोत्सवातून फिल्म परत येईल किंवा ऑनलाईन टाकल्यावर आवाजच बंद होईल. आपल्या कायद्यात गाण्याचे हक्क गीतकार-संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतात. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, तेही साठ वर्षांचे. पण आपल्याकडं गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग आहेत, अंबाजोगाईच्या दासोपंतांची पदं आहेत, आणि घराघरातल्या म्हाताऱ्यांकडं जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. फक्त दुसऱ्याचं रेकॉर्डिंग उचलू नका, तुमच्या गावातल्या माणसाकडून गाऊन घ्या. आमच्या फिल्मला पेटी नाही, तबला नाही. शेवटी आजी जात्यावर बसून तिच्या आईची ओवी म्हणते, घरघरीसकट. जातं आणि गळा वेगवेगळे रेकॉर्ड करून बघितले, पण तिला जातं फिरवल्याशिवाय ओवी आठवतच नव्हती. मग दोन्ही एकत्रच घेतलं, माईक जात्यापासून लांब आणि ओठांच्या जवळ ठेवून.

महोत्सवांना पाठवायच्या आधी फिल्म यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली करू नका, काही महोत्सव आधी प्रसिद्ध झालेली फिल्म घेत नाहीत. लिंक पासवर्डची ठेवा. आपल्या जवळ छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. प्रवेशिका पाठवता येवो न येवो, ग्रुपनं मिळून बघायला तरी जाच. मोठ्या पडद्यावर आणि नीट स्पीकरवर दुसऱ्यांच्या फिल्म ऐकल्या की आपल्या फिल्ममध्ये काय हवं ते आपोआप कळतं. प्रवेश फी असलेले महोत्सव किती आणि कोणते, हे पैसे ज्याच्याकडं आहेत त्यानं ठरवावं. इंग्रजी सबटायटल बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या.

गावात दाखवायची असेल, आणि दाखवाच, तर प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर विसंबू नका. भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर मागा, दुपारीच जोडून पाहा, आणि त्या रात्री गावठाणाची लाईट राहणार का, हे वायरमनला विचारून ठेवा. श्रेयनामावलीत त्याचंही नाव लिहा. ज्यांनी पाणी दिलं, परात दिली, लाकडं फोडली, त्यांची नावंही. ती यादी एडिटच्या शेवटच्या रात्री आठवून लिहायची नसते. शूटिंगच्या प्रत्येक दिवशी, हिशेबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहीत जा, आणि आडनावांचं शुद्धलेखन त्या-त्या माणसाकडूनच तपासून घ्या.